नटावरची पिवळी रेघ

आमच्या उमेंद्रचे बाबूजी रागीट नाहीत, रागीट मी आहे. अर्जुनी मोरगावच्या रोडवर आमचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान अन् त्याच्या मागंच घर. मी चुलीपुढून कोणावर खेकसली का गिऱ्हाइकालेही ऐकू जाते. जाऊ दे, मले त्याची लाज नाही.

लग्न होऊन आली तेव्हापासून पाहून राहिली, ह्या माणसानं नट कसताना कधी मोजमाप केलं नाही. डोळे मिटायचे, पाना दाबायचा अन् एका जागी थांबायचे. "देवका, कमी कसला तर सुटते, जास्त कसला तर आटे मरते. मधातली जागा हाताले समजते," म्हणायचे. कसून झाला का नटावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. नट हलला तर रेघ तुटते, लगेच दिसते. पार कोहमाऱ्याहून लोक येत ह्या हातासाठी.

उमेंद्रनं टॉर्कचा पाना आणला तेव्हा किती हसले! त्या पान्यावर आकडा लावायचा, तेवढा जोर झाला का तो टक् वाजते. "कानामागून आला अन् तिखट झाला," म्हणाले. दसऱ्याले त्याले हळदकुंकू लावलं अन् खुंटीले टांगून ठेवलं.

मग अंगात साखर निघाली. आधी पायाले मुंग्या, मग बोटं बधिर. मले सांगितलं नाही. शर्टाची गुंडी लावता येईना तेव्हा समजलं. "गिऱ्हाइकापाशी बोलू नको वं, झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाले. भीती एकच होती त्याईले, हातातून हे काम गेलं तर आपण कोण?

यंदा दुधरामभाऊचा ट्रॅक्टर तेल बदलाले आला. मागच्या साली धानाचा रोवणा आटोपल्यावर बाबूजींनीच त्याची चिखलातली लोखंडी चाकं काढून टायर चढवले होते. सहज म्हणून ते चाकापाशी बसले अन् बसूनच राहिले. मी चहा घेऊन गेली.

"काय पाहून राहिले जी?"

"ही रेघ माही नाही."

"रंग तर आपलाच आहे."

"हव. पण सरळ आहे."

मी वाकून पाहिलं. खरंच, पट्टीनं ओढल्यासारखी. अन् त्याईच्या रेघा तर बोटं बधिर झाल्यापासून लेकराच्या पाटीवरच्यासारख्या वाकड्या.

त्याईनं उमेंद्रले हाक मारली. आवाज चढवला नाही, फक्त विचारलं, "कधीपासून?"

पोरगं खाली पाहून बोललं. "दुधरामकाकाचं चाक तलावाच्या पाळीवर डुलायले लागलं होतं, बाबूजी. सुटलंच असतं. तेव्हापासून तुम्ही जेवाले गेले का मी टक् वाजेपर्यंत परत कसतो. तुमची रेघ पुसून दुसरी ओढतो."

"लोकाईले माहीत आहे?"

दुधरामभाऊ तिथंच उभा होता. तो रोडकडे पाहायले लागला. म्हणजे साऱ्याईले माहीत! 'जागेश्वरभाऊ, तुमचाच हात लागला पाहिजे,' म्हणत यायचे अन् ह्याईची पाठ फिरली का उमेंद्रची वाट पाहत थांबायचे. माह्या तर डोक्यात आग गेली. "मेल्या, सालभर बापाचा तमाशा केला काय रे?" म्हणून मी पोरावर धावली.

बाबूजींनी मले अडवलं. "त्याले बोलू नको. लोकाईचा जीव सांभाळला त्यानं." मग उमेंद्रकडे पाहिलं. "मले सांगितलं असतं, तर मीच तुह्या हाती पाना देल्ला असता ना बेटा."

पोरगं रडायले लागलं. बाबूजी उठले अन् मागच्या अंगणात जाऊन बाजेवर बसले.

मी गेली मागं. बाप्पा, ह्या माणसाले मी सासरे गेले तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. आता डोळ्यातून पाणी जाऊन राहिलं होतं अन् पुसतही नव्हते. माहा राग कुठल्या कुठं गेला. बाजूले बसली, त्याईचा हात हातात घेतला अन् जोरानं दाबला.

ते समोरच पाहून राहिले होते. बऱ्याच वेळानं मान खाली गेली, तेव्हा त्याईले दिसलं का मी हात धरून आहे.