घरटी एक सायकल

उत्तमकाकाने आपली कॉलरबोन दोनदा मोडून घेतली, दोन्ही वेळा स्वतःच्याच रेसचा रस्ता तपासताना. रेसमध्ये पडला असता तर निदान पेपरात नाव आलं असतं, असं बायजाकाकी म्हणते. ती त्याची बायको. तिला हे म्हणायचा हक्क आहे आणि तो ती रोज बजावते.

काकाचं डोंबिवली पूर्वेला मानपाडा रोडवर सायकलचं दुकान आहे. बाहेर टोपलीवाल्या गुलाबी सायकली, आत भिंतीवर जाड टायरच्या डोंगरातल्या. गुलाबी सायकलींवर घर चालतं, डोंगरातल्यांवर काकाचं डोकं. कधीतरी पुण्याला त्याने डोंगरातली सायकल शर्यत बघितली आणि परत येऊन जाहीर केलं, की आपल्या गावामागच्या बोरटेकडीवर याच्याहून भारी रेस होईल. टेकडी म्हणजे तांबडी माती, सुटा मुरूम, करवंदीच्या जाळ्या आणि शेवटी एक असा चढ, की बकऱ्यासुद्धा विचार करून चढतात.

पहिल्या वर्षी नाशिक, पुणे, ठाणे, सगळीकडून पोरं आली. गावातली तर दूधवाल्याची सायकल मागून आणून रेसमध्ये उतरली. मग दरवर्षी गर्दी ओसरत गेली. गावातली पोरं बुलेटवर बसली. ठाण्यातली बारावीला गेली ती तिकडून परत आलीच नाहीत. गेल्या वर्षी पहिला, दुसरा, तिसरा आणि सगळे उत्तेजनार्थ देऊनही एक चषक शिल्लक राहिला. बायजाकाकीने तो चमचे ठेवायला घेतला.

यंदा जानेवारीत हितेशकाका दुकानात आला. हा उत्तमकाकाचा चुलतभाऊ आणि आमच्या ग्रामस्थ मंडळाचा अध्यक्ष. टेकडीच्या पायथ्याचं मैदान गावकीचं आहे आणि त्यावर जाळी ठोकून बॉक्स क्रिकेटचं टर्फ करायचं त्याच्या मनात कधीचं होतं.

"दादा, राग मानू नको. पण तुझ्या रेसला माणसांपेक्षा कुत्री जास्त असतात."

"कुत्री रेस पुरी तरी करतात."

"तेच बोलतोय मी. दहा माणसांनी पुरी केली तर मैदान तुझं. परत विषय काढणार नाय. नाय केली, तर लगेच जाळी."

"दहा? शंभर आणतो!"

"दहा आण रे बाबा."

रेस नसली तर काका काय करेल, हे आम्हा घरच्यांना चांगलं ठाऊक होतं. तो दिवसभर घरी बसेल. बायजाकाकी म्हणाली, "काहीही कर, पण दहा माणसं आण."

रविवारी उजाडताच काका मला, म्हणजे त्याच्या पुतणीला, स्कूटरवर मागे बसवून घोडबंदर रोडला घेऊन गेला. तिथे टॉवरमधले सायकलवाले जमतात. एकेकाची सायकल आमच्या गाडीहून महाग. ते पहाटे निघतात, फाउंटन हॉटेलपर्यंत जातात, डोसा खातात, फोटो काढतात आणि घरी येतात. त्यांचा म्होरक्या विनीत, आयटीतला, पायाला घट्ट काळी चड्डी.

"अंकल, मेडल सगळ्यांना आहे ना?"

"पहिल्या तिघांना."

"मग बाकीचे काय घेऊन जाणार?"

"अंगदुखी."

विनीत हसला. बाकी कोणी हसलं नाही. एकाने विचारलं, "सायकलला माती लागेल का?" काकाने त्याच्याकडे इतक्या प्रेमाने बघितलं, की मीच स्कूटर चालू केली.

"सायकलवाले कमी नाय झाले गो," परतताना काका ओरडून बोलत होता. "हरायला तयार असलेले कमी झाले!"

विनीत मात्र नाव देतो म्हणाला होता. त्याचे दोन मित्र आणि कल्याणचं एक नवरा-बायकोचं जोडपं धरून झाले पाच.

उरलेले पाच कुठून आणायचे, या विवंचनेत काका हौसाबाईंकडे गेला. हौसाबाई म्हणजे हितेशची आई, काकाची चुलती. शेतं गेली, टॉवर आला, पण सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत म्हातारी आजही सुपात जवळा निवडत बसते. वास सहाव्यापासून नवव्यापर्यंत.

"काय रं उत्तम, तुझी ती सायकलींची जत्रा यंदा हाय का नाय?"

"हाय ना काकी. ग्रुपवर लिंक टाकली."

"लिंक?" म्हातारीने सूप खाली ठेवलं. "आवतन कुठं हाय?"

"लिंक म्हणजेच..."

"गप. पहिल्या वर्षाला तू वाटीत अक्षत घेऊन दारोदार फिरलेलास. आठवतंय? मंग झाला मोठा मानूस. फोनवर बोलवतो. बोलवल्याबिगर कुत्रा जातो, मानूस नाय. सगला गाव रुसून बसलाय न तुला पत्ताच नाय!"

काका चाट पडला. इतकी वर्षं त्याने बुलेटला, बारावीला, मोबाइलला शिव्या घातल्या होत्या.

"आनि अक्षत दिली तर?"

"तर घरटी एक मानूस द्यायलाच लागतो. लगीन असो नायतर मयत."

काका तिथूनच उठला. तिच्याच डब्यातले तांदूळ, तिचीच हळद, तिचंच कुंकू. पहिली अक्षत तिच्याच पदरात घातली आणि लिफ्टने खाली उतरत मजल्यामजल्यावर बेल वाजवली. "टेकडीवर सायकलचं कार्य आहे, यायला लागतंय." पुढचे दोन दिवस तो कपाळाला हळद लावून फिरत होता. दुकानात एका बाईने विचारलं, "मुलीचं का मुलाचं?"

रेसच्या सकाळी मैदान फुललं. काकाचे डोळे भरून आले आणि मग त्याने नीट बघितलं. बायका नऊवारीत, गळ्यात सोनं. पुरुष पांढऱ्या कपड्यात, हातात आहेराची पाकिटं. पोरांनी अत्तर मारलेलं. विनीत धरून ते पाच जण सोडले तर सायकल एकाकडेही नव्हती.

"जेवण कधी हाय?" कोणीतरी विचारलं.

बायजाकाकीने नवऱ्याकडे बघितलं. मी नाटकात कामं करते, पण ती नजर मला स्टेजवर कितीही तालीम केली तरी जमायची नाही.

"पाच झाले," हितेश हसत म्हणाला. "मंडळी लग्नाला आलीत, दादा. नवरदेव कुठाय?"

तेवढ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवरून हौसाबाई कडाडल्या. "ए! घरटी एक दिला का मानूस?"

"आलो ना आजी!"

"आलास खायाला. लग्नात अक्षत घेतल्यावर निस्ता बसतोस? पानी वाढतोस ना, मांडव बांधतोस ना? हितं काम सायकलीचं हाय. बसा सायकलीवर!"

काकाने दुकानातल्या सायकली टेम्पोत भरून आणल्याच होत्या. थोडी ढकलाढकली, थोडी "तू जा, माझा गुडघा दुखतो," आणि शेवटी चौघं पुढे झाले. त्यातल्या एकाने सोन्याची साखळी काढून बायकोकडे दिली, एकाने घड्याळ. झाले नऊ.

"आमच्या घरचा कोन?" म्हातारीने विचारलं.

हितेश इकडेतिकडे बघायला लागला. त्या घरात दोनच माणसं राहतात.

"आई, मी अध्यक्ष हाय."

"मंग? अध्यक्ष मानूस नसतो?"

त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर मीच नंबर टाचला. पिन लावताना तो पुटपुटत होता, "पुरी करायची म्हणजे करायलाच पाहिजे असं काय नाय."

विनीत पहिला आला, हँडल वाकडं, गुडघा फुटलेला, आणि तोंडभर हसू. मग त्याचे मित्र. जोडपं भांडत आलं. गावातले चौघं एकमेकांना शिव्या घालत, मातीने माखून आले, त्यातला एक तर सायकलवर बसून फोनवर बोलत होता. नऊ झाले.

हितेश त्या शेवटच्या चढावर अडकला होता, सायकलला टेकून, लाल-निळा. उत्तमकाका पळत वर गेला, पाण्याची बाटली घेऊन मी मागे.

"हितेश, बस झालं. सोड सायकल."

"सोडली तर... टर्फ माझं."

"घे टर्फ. पण मरू नको रे. काकीला काय सांगू?"

हितेशने खाली बघितलं. सगळं गाव माना वर करून उभं होतं आणि मध्ये ती खुर्ची.

"तिला तू ओळखत नाय," तो म्हणाला. "अक्षत घेऊन बसलो न अर्ध्यात सोडलं, तर मी मेल्यावर तेराव्यालापन बोलेल."

काकाने सीटला हात घातला.

"हात लावू नको!" हितेश खेकसला. "हात लावलास तर दहात धरणार नायस तू मला. तुझे नियम माहीत हायत मला. ढकलत नेली तर चालते का?"

"चालते," काका म्हणाला. "सायकल सोबत पाहिजे."

मग आमच्या ग्रामस्थ मंडळाच्या अध्यक्षाने सायकल चढभर ढकलली, वर गेल्यावर तिच्यावर स्वतःला कसंबसं टाकलं आणि उतारावरून बोंबलत खाली आला. ब्रेक कुठला हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. शेवटची रेघ ओलांडून तो थेट बायजाकाकीने तोवर घाईघाईने उभारलेल्या जेवणाच्या मांडवात घुसला.

उताणं पडूनच त्याने खिशातला फोन काढला.

"हॅलो... जाळीवाले? कॅन्सल करा... नाय, पुढच्या महिन्यातपन नाय... का म्हणजे काय? दहावा मीच निघालो!"