पितृपक्ष संपू दे

प्रताप नगरातल्या हेमराज नंदनवारचा जन्म कोष्ट्याच्या घरातला, पण हाती माग आला नाही. वडील जागेश्वर यांनीच माग मोडीत काढला आणि पोराला कॉम्प्युटरच्या क्लासला घातलं. पुढे हेमराजने किराणा दुकानांसाठी, धान्याच्या अडतींसाठी बिलांचे प्रोग्राम लिहिले. सगळे एकाच टूलवर, म्हणजे प्रोग्राम लिहायच्या एकाच सॉफ्टवेअरवर. त्याची बायको कुसुमावती हिला त्यातलं काही कळत नसे. पण कामात शिरला की त्याचे ओठ जप केल्यासारखे हलतात, एवढं तिला ठाऊक होतं.

भाद्रपदात त्या टूलच्या कंपनीने जाहीर केलं, की आता टूल इंटरनेटवर जाणार आणि जुनं वर्षअखेरीस बंद. जुने प्रोग्राम तिकडे चालतील का? लवकरच कळवू. झालं! मोबाइलवरच्या ग्रुपात कोणी म्हणे एक बटण दाबलं की सगळं तिकडे जाते, कोणी म्हणे पहिल्यापासून लिहावं लागते.

कुसुमावतीचा भाचा वैभव त्याच्याच हाताखाली तयार झालेला. तो म्हणाला, "काकाजी, नव्या टूलची फुकट ट्रायल आली आहे. एक प्रोग्राम टाकून पाहू. नाही चालला तर दुसरं टूल धरू."

"पितृपक्षात नवं काम काहून काढून राहिला बे? तो संपू दे. दसऱ्याले पाहू."

"ट्रायलले का सुतक लागते? मावशी, सांग न यांले!"

कुसुमावती श्राद्धाची खीर ढवळत होती. या पंधरवड्यात तिने कधी साधं फडकंही विकत आणलं नव्हतं. तरी तिच्याच्याने राहवलं नाही.

"पितरांच्या मागे कायले लपता? हुडकेश्वरच्या गोपाळरावांच्या अडतीचं काम मागच्या पितृपक्षातच घेतलं होतं न तुम्ही?"

"तू चूप बस वं!"

दसऱ्याला तो म्हणाला, दिवाळी होऊ दे. दिवाळीनंतर वैभवचं येणं बंद झालं.

शेवटी हेमराजने ट्रायल उघडली. प्रोग्राम चालला, पण बिलावर मराठीच्या जागी नुसते चौकोन उमटले. नवं काही लिहायला बसला की हात थांबत. जेवण ताटात तसंच राही. गिऱ्हाइकांचे फोन आले की म्हणे, "पाहून राहिलो."

मार्गशीर्षातल्या गुरुवारी गोपाळराव स्वतः आले. मागे वैभव, मान खाली घातलेला.

"हेमराजभाऊ, वाईट वाटून घेऊ नका. यानं नवं करून आणलं. जुना हिशेब तेवढा काढून द्या."

कुसुमावती पाण्याचे पेले ठेवून तिथंच उभी राहिली. तिला वाटलं, आता हा पोराला फाडून खाईल. हेमराज खुर्चीवरून उठला.

"बस. मागची बाकी मी वेगळ्या जागी ठेवली आहे, तुले सापडणार नाही." आणि त्याने एकेक दाखवलं, अगदी शांतपणे. त्यापेक्षा तिला आरडाओरडा परवडला असता.

"काकाजी, तुम्ही पण चला न माझ्यासंग," वैभव पुटपुटला.

"अन् का करू? तू सांगशील ते टाइप करत बसू?"

गोपाळराव हसले. बाकी कोणी नाही.

ते गेल्यावर तिने महालक्ष्मीपुढे दिवा लावला, पण मागावं काय ते सुचेना. ते टूल परत येणं देवीच्याही हातात नव्हतं. आतल्या खोलीतून हेमराजचा आवाज येत होता. तो एकेका गिऱ्हाइकाला फोन लावत होता.

"हो, वैभव. भाचाच आहे आमचा. घ्या लिहून नंबर."