‘पत्नी’ या शब्दात न बसलेले गृहस्थ

प्रथम तारखा, कारण त्या दुसरे कोणी देणार नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एक शब्द छापला गेला. दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात त्या शब्दावर बोट ठेवण्यात आले. त्याच वर्षी दिवाळीनंतर एक सुरळीत संसार दोन देशांत विभागला गेला. याला मी जबाबदार धरतो ते असे: पुण्यातील एक शासकीय कार्यालय, ज्याचे नाव मी केवळ सभ्यतेपोटी घेत नाही; तेथे नव्याने आलेले एक अधिकारी; आणि स्वतः आमचे शेजारी. त्यांच्याइतका नियमाला चिकटलेला मनुष्य मी कुवेतमध्ये तर नाहीच, पण आरशातही पाहिलेला नाही.

कुवेतच्या सलवा भागातल्या आमच्या इमारतीत ते समोरच्या दारी राहत. त्यांच्या पत्नी भारतीय लष्कराच्या शुश्रूषा सेवेत मेजर. येथील एका इस्पितळात प्रतिनियुक्तीवर आलेल्या. हे गृहस्थ शासकीय अनुवादक. इंग्रजी नियम मराठीत आणणे हे त्यांचे काम. लष्करातील व्यक्तीच्या जोडीदाराला तिच्या बदलीच्या गावी राहून, ई-मेलने शासकीय काम करू देणारी एक सवलत होती. तिच्या आधारे ते नोकरी सामानाबरोबर घेऊन आले होते. इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, त्यांनाच मेजर समजून सलाम ठोकी. “मेजर वो हैं,” ते सांगत, “हम उनके यजमान.” यजमान हा मेजरच्या वरचा हुद्दा असावा, अशी हारिसची समजूत झाली आणि सलाम अधिकच कडक झाला.

त्यांचे कार्यालय म्हणजे जेवणाचे टेबल. तेथे ते इस्त्रीचा सदरा आणि बूट घालून, पुण्याच्या वेळेला लावलेले घड्याळ पाहून हजर होत. निघताना, म्हणजे शयनगृहातून निघताना, “येतो गं” म्हणत. मेजरबाई त्यांना डबा भरून देत; तो ते त्याच टेबलावर, शेजारच्या खुर्चीवर बसून खात, कारण कामाच्या जागी जेवणे शिस्तीत बसत नाही. धुळीच्या वादळाने सारे कुवेत बंद पडले तरी हे कार्यालय उघडे असे. गणेश विसर्जनाला मात्र बंद. येथे सुट्टी शुक्रवारची, त्यांची रविवारची. त्यामुळे मेजरबाई घरी असत तेव्हा यजमान कार्यालयात, आणि यजमान मोकळे तेव्हा बाई इस्पितळात. एका शुक्रवारी मी साखर मागायला गेलो, तर चष्म्यावरून पाहत म्हणाले, “काका, काम खासगी आहे का?” आतून मेजरबाई ओरडल्या, “अहो, साखर हवीय त्यांना! जावक क्रमांक टाकून देऊ का?”

एकदा मी विचारले, नोकरी सोडून का देत नाही? बाईंचा पगार उत्तम आहे. ते म्हणाले, “घर चालायला तो पुरतो, काका. मला चालायला काम लागतं.”

आणि मग तो उन्हाळा आला. नव्या अधिकाऱ्यांनी सवलतीचा जुना छापील मराठी नियम बाहेर काढला. इंग्रजीत ‘स्पाउज’ होते. मराठीत छापले होते ‘पत्नी’. आपले शेजारी कोणत्याही अर्थाने पत्नी नसल्याने सवलत रद्द! मी संतापून त्यांच्या दारावर धडकलो. “मूळ इंग्रजी दाखवा! भांडा!”

“इंग्रजी दाखवून उपयोग नाही,” ते शांतपणे म्हणाले. “मतभेद झाल्यास मराठी पाठ ग्राह्य धरावा, असं शेवटी लिहिलंय. ते मीच लिहिलंय. ‘पत्नी’सुद्धा माझीच. तेव्हा लग्न झालं नव्हतं, काका. सैनिकाला नवराही असतो, हे सुचलंच नाही.”

मी गप्प बसणाऱ्यांतला नाही. त्या कार्यालयाला मी इतकी पत्रे धाडली की शेवटी त्यांना हालचाल करावी लागली. त्यांनी प्रकरण अनुवादकाच्या अभिप्रायासाठी पाठवले. अनुवादक कोण? जेवणाच्या टेबलावरचे! प्रकरण फिरून सलवात आले. ‘पत्नी’ऐवजी ‘जोडीदार’ असे सुचवायचे आणि सही करायची, एवढेच काम. मी पेढे आणले.

त्यांनी लिहिले: “प्रस्तुत विषयात अनुवादकाचा व्यक्तिगत हितसंबंध असल्याने अभिप्राय देणे उचित होणार नाही.”

“अहो, एक शब्द!” मेजरबाई म्हणाल्या. मी त्यांचा आवाज प्रथमच हललेला ऐकला. “एका शब्दासाठी मला इथे एकटं टाकून जाणार?”

“स्वतःच्या सोयीसाठी एक शब्द बदलला,” ते म्हणाले, “की पुढचा कुठला शब्द माझ्याकडून खरा निघेल, तूच सांग.” पेढे कोणीच खाल्ले नाहीत.

दिवाळीनंतर ते पुण्यास रुजू झाले. ते विमानतळाकडे निघताना हारिसने अखेरचा सलाम ठोकला. या वेळी त्यांनी चूक दुरुस्त केली नाही. पुढच्या शुक्रवारी मेजरबाई माझ्या दारात उभ्या होत्या, हातात डबा. “सवयीनं भरला गेला, काका. तुम्ही खाल का?” मी तो यजमानांच्याच टेबलावर, शेजारच्या खुर्चीवर बसून खाल्ला. रिकाम्या खुर्चीसमोर त्यांचे घड्याळ होते; गडबडीत राहिलेले. ते अजून पुण्याचीच वेळ दाखवत होते.

म्हणून त्या अधिकाऱ्यांना माझा जाहीर प्रश्न आहे आणि उत्तरही जाहीरच हवे. तुमच्या कार्यालयात आता रोज वेळेवर येऊन बसणाऱ्या त्या गृहस्थाला, ज्याचा डबा इकडे सलवात भरला जातो, शासनाच्या मराठीत काय म्हणतात? शब्द सापडत नसेल तर त्यांना विचारू नका. ते सांगणार नाहीत.