मामेसासऱ्यांचं गिधाड

माझ्या मामेसासऱ्यांइतका रागीट माणूस अख्ख्या पंढरपूर तालुक्यात सापडायचा नाही. करकंबला ते शेती करतात आणि उरलेला वेळ चिडतात. पूर्वी गावाबाहेरच्या माळावर मेलेलं जनावर टाकलं की गिधाडं बघता बघता त्याचा फडशा पाडत. आता तिथे नुसती कुत्री आणि घाण. कारण गुरांना टोचायचं दुखण्या-सुजेवरचं डायक्लोफेनॅक. ते मांसात उरतं आणि खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. गुरांसाठी बंदी आली, तर लोकांनी माणसांची इंजेक्शनं गुरांना टोचायला सुरुवात केली. बंदी कागदावर, सुई गोठ्यात! संताप मलाही येतो. पण मी तो लग्नाच्या पंगतीत काढत नाही. मामा काढतात. "जावईबापू, त्येच्या जागी मेलोक्सिकॅम हाय की! गिधाडाला बाधत न्हाय. मग ह्यास्नी इखच का लागतंय?" जिलबी वाढणारा बिचारा दचकून पुढच्या पानाकडे पळाला होता.

कुणाची म्हैस मेली की मामा दारात हजर. सांत्वन नाही, काही नाही, थेट "काय टोचलं व्हतं?" एकदा चिडलेल्या म्हातारीने शाप दिला, "तुज्या घरावर गिधाड बसंल!" मामा म्हणाले, "बसू दे की! नारळ फोडतो."

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्याच म्हाताऱ्या बैलाचा पाय सुजला. मेलोक्सिकॅम आणायला ते सोलापूरला आमच्याकडे आले. भवानी पेठेतल्या दुकानदाराने "हेच सगळे नेतात" म्हणत नेमकं डायक्लोफेनॅक पुढे केलं. मग काय, रस्ता अडेपर्यंत भांडण! शेवटी दुसऱ्या दुकानातून योग्य औषध घेऊन आम्ही करकंब गाठलं. बैल गेला होता.

ट्रॅक्टरने त्याला माळावर नेलं. तेवढ्यात वर एक मोठा पक्षी घिरट्या घालू लागला. मामांनी टोपी काढून हात जोडले. "आलं वो! इतक्या वर्सांनी आलं!"

मागे मामी रडू लागल्या. "त्येचं कण्हणं बघवंना. शेजारच्यानं तेच इखाचं इंजेक्शन आणलं. म्याच टोचाय लावलं."

गिधाड खाली उतरत होतं. मामा ढेकळं फेकत धावले. "हाड! जा हितनं! खाऊ नगं!" ते दिसेनासं होईपर्यंत ओरडत राहिले. मग आम्ही खोल खड्डा खणून बैल पुरला.

मामींना ते चकार शब्द बोलले नाहीत. घरी परतताना मला म्हणाले, "जावईबापू, भुकेलं आलं व्हतं. म्या ढेकळं मारली. आता परत येईल का वो?"