हौसाबाईंची दोरी

हौसाबाई ज्या दारात बसत, ते दार त्यांचं नव्हतं. चिंचवड स्टेशनच्या बाजूला आमची चाळ होती. समोरासमोर खोल्या आणि मधे बोळ. त्यांची खोली आमच्या अगदी समोर. पण त्या सालच्या थंडीत त्यांनी आमच्या उंबऱ्याबाहेर पोतं अंथरून मुक्काम टाकला होता. तांदूळ निवडायचे तिथे, भाजी चिरायची तिथे. कुणी दाराकडे वळलं की मान वर न करता विचारत, "खोकला-शिंक हाय का?" नाही म्हटलं तरी आत सोडत नसत. विचारायचं म्हणून विचारत.

आत माझी मुलगी होती. सातव्या महिन्यात जन्मली, पुण्याच्या एका हॉस्पिटलात काचेच्या पेटीत राहिली आणि घरी आली तेव्हा तिचं वजन दोन किलोंना थोडं कमी होतं. डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं: ऊब सांभाळा, वाटी-चमच्याने दूध पाजा, एवढ्यात अंघोळ आणि धुरी नको, आणि बाहेरचं माणूस जवळ येऊ देऊ नका. साधी सर्दीसुद्धा हिला झेपणार नाही. आधीचं सगळं जमण्यासारखं होतं. शेवटचं चाळीत कसं जमायचं? बाळंतविडा घेऊन आलेल्या बाईला दारातून परत पाठवायचं म्हणजे तिचा अपमान. माझी आई हयात नव्हती, सुमनची, म्हणजे माझ्या बायकोची, आई गावी अंथरुणाला खिळलेली. नाही म्हणू शकेल असं मोठं माणूस घरात कुणी नव्हतं.

हौसाबाई आपण होऊन आल्या. माहेर चऱ्होलीचं, नवरा फौंड्रीत, आणि नळावरच्या भांडणांत त्यांचं नाव पहिलं. उंबऱ्याबाहेर उभ्या राहूनच त्या म्हणाल्या, "तुमी दोघं मऊ हाय. नका येऊ म्हनाल आन् वर च्या पाजाल. माझं नाव सांगा. तसंबी मला चांगलं कोन म्हनतंय?"

त्या दिवसापासून चाळीची नाराजी त्यांनी स्वतःच्या अंगावर घेतली. त्यांची सख्खी थोरली बहीण एकदा चऱ्होलीहून टोपडं शिवून घेऊन आली. तिलाही त्यांनी आत सोडलं नाही. टोपडं घेतलं, उकळत्या पाण्यात टाकलं आणि बहिणीला आपल्या खोलीत चहाला बोलावलं. ती चहा न घेता गेली आणि पुढे बरेच दिवस बोलत नव्हती. मला फार अवघडल्यासारखं झालं. हौसाबाईंना मी तसं म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "ती रुसंल, मग बोलंल. तिला येळ हाय. ह्या पोरीला न्हाई."

मी कंपनीत तपासणी खात्यात होतो. दिवसभर माल मापून पास किंवा नापास करायचा, हे माझं काम. घरीही तीच सवय. वाण्याकडून तागडी आणून मी आठवड्याला मुलीचं वजन करत असे. हौसाबाई बाहेरून म्हणत, "भाऊ, पोरगी हाय का शेंगदानं?" पण तागडी परत द्यायला निघालो की हळूच विचारत, "काय म्हनतो काटा?" वाढलं सांगितलं की निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेत.

एकदा नळावर कुणीतरी बोललं, की पोर खरंच आहे का? कुणाला दाखवत नाहीत, काहीतरी लपवतात. सुमनच्या कानावर ते गेलं आणि ती दिवसभर जेवली नाही. दुसऱ्या दिवशी हौसाबाईंनी आपल्या खोलीच्या खिडकीपासून आमच्या खिडकीपर्यंत, बोळाच्या बरोबर वरून, एक दोरी ताणून बांधली. मुलीचे लंगोट तोवर आम्ही मागच्या बाजूला वाळत घालत असू. त्यांनी ते धुऊन पुढे, सगळ्यांच्या डोक्यावर टांगले. जुन्या धोतराचे ते तुकडे, हातरुमालापेक्षा लहान. बायका म्हणाल्या, असं उघड्यावर घालू नका, नजर लागेल. त्यावर हौसाबाई म्हणाल्या, "लागू द्या. पोरगी हाय, एवढं तर दिसंल."

लंगोट धुण्याचं काम त्यांनीच घेतलं. पहाटेच बादली दारातून घ्यायच्या, दिवेलागणीच्या आधी वाळलेल्या घड्या दारातच द्यायच्या. मुलीला मात्र त्यांनी हात लावला नव्हता, जवळून पाहिलंही नव्हतं. मी चार ठिकाणी फिरते, म्हणत.

हळूहळू चाळीला सवय लागली. सकाळी दार उघडलं की बायका आधी वर दोरीकडे पाहत. पहिल्या शिफ्टला निघालेले पुरुषही सायकल हातात धरून एक नजर टाकत. दाराशी मात्र कुणी येईनासं झालं.

मग हौसाबाईंनाच सर्दी झाली. त्यांनी आपलं दार लावून घेतलं आणि खिडकीतून मला सांगितलं, "मी बरी हुईस्तवर मला बी बंदी." धुणं माझ्याकडे आलं. नेमकं दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. पिण्यापुरतं होतं, ते धुण्याला घालवावंसं वाटेना. लंगोट बादलीत तसेच भिजत राहिले. मी दुसऱ्या शिफ्टला होतो, म्हणून सकाळी घरीच. शेगडीजवळ बसून सुमनला दूध कोमट करून देत होतो. बाहेर नेहमीचा गलका नव्हता, पण तिकडे माझं लक्ष नव्हतं.

एवढ्यात समोरच्या खिडकीतून हौसाबाईंनी हाक मारली. तोंडावर पदर धरलेला, आवाज बसलेला.

"भाऊ, पोरगी बरी हाय ना?"

"बरी आहे. दूध पितेय."

"मग दोरीवर कायतरी टाका आधी. बाहेर बघा."

मी दार उघडलं. बोळात सगळी चाळ उभी होती. परत पाठवलेल्या बायका, घरी असलेले पुरुष. दारापासून लांब, सगळ्यांची नजर वर, रिकाम्या दोरीकडे. नळावर ते बोलणारी बाई पदराने डोळे पुसत होती. मी बादलीतले न धुतलेले लंगोट उचलले आणि तसेच दोरीवर टाकले. पाणी ठिबकू लागलं. मग कुणीतरी आपल्या पिंपातलं पाणी आणून माझ्या उंबऱ्याबाहेर ठेवलं. थोड्या वेळात तिथे भरलेल्या कळश्यांची रांग लागली. आत कुणीच डोकावलं नाही.

उन्हाळा लागल्यावर डॉक्टर हो म्हणाले आणि आम्ही बारसं केलं. सगळ्याजणी जपून ठेवलेले बाळंतविडे घेऊन आल्या. चऱ्होलीची बहीणही आली. "आता तरी येऊ का आत?" असं तिने टोचून विचारलं. "हात धुतलेस का?" हौसाबाई म्हणाल्या. पाळण्यात घालायला मुलगी सुमनने त्यांच्याच हातात दिली. त्यांनी हात एकदा जरा वरखाली करून अंदाज घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "काटा खरं बोलत हुता."

नवऱ्याची नोकरी संपल्यावर ती दोघं चऱ्होलीला राहायला गेली. काही वर्षांनी त्यांना छातीचं दुखणं लागल्याचं कळलं म्हणून आम्ही भेटायला गेलो. तीच आमची शेवटची भेट. मुलगी तेव्हा चौथीत होती. ती पुढे धावली, तशी हौसाबाईंनी खाटेवरून हात वर केला.

"तिथंच थांब. मला खोकला हाय."

मी म्हणालो, "हौसाबाई, ती मोठी झाली आता. काही होत नाही."

"तुमी मऊच ऱ्हायला, भाऊ." त्यांनी तिला दारात, उजेडात उभं राहायला सांगितलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग मला विचारलं, "काय म्हनतो काटा?"

"सव्वीस किलो," मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली आणि खोकण्यासाठी भिंतीकडे तोंड फिरवलं.