केकाला सवाष्ण लागत नाही

माझ्या सातव्या वाढदिवशी आई स्वयंपाकघराच्या दाराआड उभी होती. ही गोष्ट मी अजून कुणाला माफ केलेली नाही, आणि आता या वयात करायचा विचारही नाही.

त्या दिवशीचं सगळं तिनंच केलं होतं. पाटाभोवतीची रांगोळी तिची, माझ्या डोक्यावरचा पुठ्ठ्याचा मुकुट तिचा, दारावरचं पतंगी कागदाचं तोरण तिचं, अंगातलं परकर-पोलकं तिनं शिवलेलं. पण ओवाळायची वेळ आली तशी ती हात पुसत मुकाट्यानं आत गेली आणि तबक घेऊन काकू पुढे झाली. वडील जाऊन वर्ष व्हायचं होतं. विधवेनं शुभकार्यात पुढे यायचं नाही, हे घरात कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. म्हणायची गरजच नव्हती, सगळ्यांना पाठ होतं. पाटावरून मला दाराच्या फटीत तिच्या लुगड्याचा काठ तेवढा दिसत होता. मी काकूकडे न बघता त्या काठाकडे बघत ओवाळून घेतलं. काकू म्हणाली, "समोर पाह्य वं पोरी, कुंकू वाकडं लागून राह्यलं." लागू दे म्हटलं, मनातल्या मनात.

काकू वाईट नव्हती. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणारे तिला कैकेयी करून मोकळे होतील. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमचं भाड्याचं घर होतं, मधल्या भिंतीच्या अलीकडे आम्ही दोघी आणि पलीकडे काका-काकू. काका कोर्टात कारकून होते. वडील गेल्यावर आमच्या चुलीत पहिलं लाकूड काकूनंच सारलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं आणि माझ्यावर तिचा जीव होता. म्हणूनच माझं काही वाकडं होऊ नये याची तिला भारी धास्ती. त्या धास्तीपायी ती माझ्या आईला दाराआड उभं करत होती आणि आपण तिच्यावर उपकारच करतो आहोत असं समजत होती. वाईट माणसाशी भांडता येतं. अशा माणसाचं काय करायचं?

आईला मुलींच्या शाळेत शिवणकाम आणि हस्तकला शिकवायची नोकरी लागली. शाळेत ती हिंदीत शिकवायची आणि घरी मराठीत रागवायची. तिच्या हातात जादू वगैरे नव्हती, चिकाटी होती. जुन्या लग्नपत्रिका, काकांच्या सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद, शिंप्याकडच्या चिंध्या, रिकाम्या काड्यापेट्या, काहीही फेकायचं नाही. मैद्याची खळ शिजवायची, त्यात चिमूटभर मोरचूद घालायचं म्हणजे झुरळं लागत नाहीत, आणि ती वाटी माझ्यापासून लांब फळीवर ठेवायची. त्यातून मुकुट, मुखवटे, साखळ्या, कागदी झुंबरं निघायची. हळूहळू सिव्हिल लाइनच्या बंगल्यांतून तिला बोलावणी येऊ लागली. साहेबलोकांच्या पोरांचे वाढदिवस असत. आई जायची, खोली सजवायची आणि समारंभ सुरू व्हायच्या आत परत यायची. कुणी हाकलायच्या आधी आपणच निघावं, हा तिचा हिशेब असावा.

केक तिला समोरच्या नर्सबाईनं शिकवला. ही बाई सरकारी दवाखान्यात होती, एकटी राहायची आणि नाताळात आमच्याकडे केकचा तुकडा पाठवायची. काकू तो तुकडा अंड्याच्या भीतीनं चिमट्यात धरून गाईपुढे टाकायची. मी आणि आई आमचा वाटा दार लावून खायचो. बिनअंड्याचा होतो का, असं आईनं विचारलं तेव्हा ती म्हणाली, "दही डालो, सोडा डालो, और ढक्कन मत खोलना."

पहिला केक आम्ही तांदळाच्या पिठाचा केला. आमच्या भागात तांदूळ घरोघर, मैदा मात्र रेशनच्या दिवसांत शोधावा लागे, तेव्हा आईला वाटलं, पीठ ते पीठ. जे बाहेर आलं ते नर्सबाईनं ठोकून पाहिलं, हसून हसून खाटेवर बसली आणि म्हणाली, "बाई, इससे तो दीवार बनाओ." आम्ही तो दोन दिवस दुधात भिजवून खाल्ला. मग मैदा मिळवला. वैनगंगेची वाळू आणून चाळली, धुतली, उन्हात वाळवली. ती पितळी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, घालून शेगडीवर तापवायची, आत दगडाच्या गोट्यांवर केकचा डबा ठेवायचा, वर परात झाकायची आणि परातीवर निखारे. एक वेळ साप आला तरी चालेल, पण झाकण उघडायचं नाही. मी शेगडीशेजारी बसून वासावरून सांगायची, झाला की नाही.

असाच एक केक घेऊन आम्ही एका इंजिनियर साहेबाच्या बंगल्यावर गेलो. त्या दिवशी पोरांचे मुकुट ऐन वेळी फाटले, म्हणून आईला थांबावं लागलं. ती भिंतीला चिकटून उभी होती, मी तिचा पदर धरून. तिथे पाट नव्हता, तबक नव्हतं, निरांजन नव्हतं. टेबल, त्यावर केक, आणि केकामागे ते पोरगं. त्याच्या हातावर हात ठेवून सुरी कापायला कोण पुढे यावं? त्या साहेबाची विधवा बहीण. पांढऱ्या साडीतली, कपाळ रिकामं. तिनं पोराच्या गालाला गाल लावला, सुरी दाबली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. छप्पर कोसळलं नाही. कुणाच्या कपाळाला आठीसुद्धा पडली नाही.

घरी येताना आई अर्ध्या रस्त्यापर्यंत भराभर चालली. मग थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "केकाले सवाष्ण लागत नाई."

तिचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. शाळेच्या कुंपणात तुटलेली तार सापडल्यावर पोरींचा होतो ना, तसा.

आठव्या वाढदिवसाला तिनं सगळ्या गल्लीला बोलावणं धाडलं. सकाळपासून घरात लोण्याचा आणि भाजलेल्या साखरेचा वास. काकू भिंतीपलीकडून दोनदा येऊन गेली. "इतका खटाटोप कायले करून राह्यली वं? शिरा कर, मी ओवाळतो, झालं." आमच्याकडे जुन्या बाया स्वतःबद्दल बोलतानाही 'करतो', 'जातो' म्हणत. आई म्हणाली, "शिरा दरवर्षीचाच हाय, जाऊबाई." मेणबत्त्या लावायच्या नाहीत हे तिचं ठरलेलं होतं. लेकराच्या तोंडानं दिवा विझवायचा, हे तिलाही पटत नव्हतं. त्याऐवजी तिनं केकावर चारोळीच्या दाण्यांनी आठाचा आकडा काढला. लांजीकडच्या जंगलातली चारोळी, शाळेतल्या शिपाईणबाईनं आणून दिलेली.

संध्याकाळी पोरं जमली, त्यांच्या आया जमल्या. मी स्टुलावर उभी राहिले. आणि आई स्वयंपाकघरातून आली, सरळ खोलीच्या मधोमध, माझ्यामागे उभी राहिली, माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही केक कापला. पहिला घास तिनं मला भरवला, दुसरा मी तिला. मला एवढा अभिमान वाटला की मी टाळ्या वाजवायच्या जागी ओरडलेच.

काकू तबक घेऊन तयार होती. "चला, आता ओवाळून घेऊ."

"आज ओवाळणं नाई," आई म्हणाली. "झाला वाढदिवस."

"दिव्याबिगर वाढदिवस होते का कुठं?"

"झाला ना आत्ता."

कोपऱ्यावरच्या वकिलीणबाईंनी आपल्या दोन्ही पोरांच्या हातातल्या बश्या काढून घेतल्या आणि त्यांना दंडाला धरून घेऊन गेल्या. त्यांच्यामागून आणखी एकजण. जाणाऱ्यांनी खुशाल जावं. केक उरला, मी पोटभर खाल्ला. काकूनं तबक तसंच नेलं आणि आपल्या देवापुढे ठेवलं.

इथे गोष्ट संपली असती तर मला ती सांगायला फार आवडली असती.

दीड महिन्यानं मला मुदतीचा ताप, म्हणजे टायफॉइड, आला. एकवीस दिवस मी खाटेवर होते, मध्ये काही दिवस तर शुद्धच नव्हती. नर्सबाई सकाळ-संध्याकाळ येऊन इंजेक्शन द्यायची. गल्लीतल्या बाया उंबऱ्याशी येऊन आईला विचारून जायच्या, आणि जाताना एकमेकींना काय सांगायच्या ते मला खाटेवर ऐकू यायचं. न ओवाळता वाढदिवस केला, भोगा आता. विहिरीत गल्लीभरची गटार झिरपत होती आणि तीन घरांत तोच ताप होता, पण विहिरीला कोण बोल लावणार? विधवा हाताशी होती. काकूनं मात्र तोंडातून चकार शब्द काढला नाही. ती माझ्या उशाशी बसून रडायची, आणि तिचं ते न बोलणं आईला सगळ्या गल्लीपेक्षा जास्त लागलं.

मी बरी झाले. डोक्यावरचे केस गेले, पाय काड्या झाले, पण उठले. आई मात्र बसली ती बसलीच. बंगल्यांवरचे केक, मुकुट चालू होते, ते पोटासाठी. घरात शेगडीवर वाळू पुन्हा चढली नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "पुरे झालं ते थेर." इतरांचा मला राग आला होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिचा आला. लोक म्हणतात ते तिनं मानलं, हे मला सहन होईना.

नवव्या वाढदिवशी सकाळीच पाट मांडलेला. रांगोळी काढलेली. काकू नवी साडी नेसून तबक घेऊन आली. काका पेपर घेऊन खुर्चीवर. आईनं माझी वेणी घातली, इवलीशी, नुकते केस आले होते, आणि म्हणाली, "जा, बस." आणि वळून स्वयंपाकघराकडे निघाली.

मी बसले नाही.

"बस ना वं," काकू म्हणाली. "दिवा वाऱ्यावर हाय."

"आईनं ओवाळलं तं बसतो," मी म्हणाले, मुद्दाम काकूच्याच थाटात.

काकांनी पेपर खाली केला. आई परत आली, मला दंडाला धरलं, पाटाकडे ढकललं. मी खांबाला धरून राहिले. तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. तिनं मला मारलेलं आठवतं ते तेवढंच. "बस म्हणतो ना तुले!"

"तू ओवाळ."

"अन् तुले काही झालं तं?" हे ती ओरडली. ओरडल्यावर तिलाच कळलं की आपण काय बोललो, आणि तिनं तोंडावर पदर धरला. वर्षभर जे पोटात ठेवलं होतं ते असं पोरीच्या वाढदिवशी, सगळ्यांसमोर बाहेर पडलं.

मी नऊ वर्षांची होते. मला शास्त्र माहीत नव्हतं, वादविवाद माहीत नव्हता. जे दिसलं होतं तेवढंच माहीत होतं. मी म्हणाले, "बाबाले तं दरवर्षी सवाष्णीनंच ओवाळलं. पाडव्याले तू ओवाळलं, वाढदिवसाले काकूनं ओवाळलं. मंग बाबा काहून मेले?"

काका खुर्चीतून उठले आणि अंगणात निघून गेले. त्यांचा धाकटा भाऊ होता तो. मी फार क्रूर बोलले हे मला आज कळतं. तेव्हाही थोडं कळलं होतं, पण मी शब्द मागे घेतला नाही, आणि आजही घेणार नाही. एवढ्या मोठ्या माणसांत कुणीतरी तो प्रश्न विचारायला हवा होता. कुणी विचारला नाही, म्हणून पोरीला विचारावा लागला.

काकू तबक धरून उभी होती. निरांजनाची ज्योत तिच्या श्वासानं हलत होती. तिचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत, हात मोकळे नव्हते. मग ती आईकडे गेली आणि तबक तिच्यापुढे धरलं. आई घेईना. काकूनं ते तिच्या हातांत जवळजवळ कोंबलंच.

मी जाऊन पाटावर बसले.

आईनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं. अक्षता लावल्या, त्यातल्या निम्म्या माझ्या मांडीवर सांडल्या. मग तिनं तबक उचललं आणि तिथेच थांबली, पुढचं काही सुचत नसल्यासारखी.

काकू तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. नाक ओढलं आणि रोजच्यासारखीच खेकसली, "आधी अंगठी अन् सुपारी फिरव वं, मंग दिवा. विसरली का?"

आई विसरली नव्हती. तिनं तबक एका हातावर तोललं, अंगठी आणि सुपारी चिमटीत धरली आणि माझ्याभोवती फिरवली.