दव पुसणारी बाई

औषधी बागेत सगळे तिला फडकंवाली म्हणत, आणि तिला त्याचा रागही नव्हता. अठ्ठावीस वर्षं रोज सकाळी ती अडुळशाच्या वाफ्यांतून फिरून पानन् पान पुसत आली होती. दव राहिलं की बुरशी धरते, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बाकीचे चहा ढोसत बसायचे. हिचा हात थांबेल तर शपथ!

यंदा पानांवर तपकिरी ठिपके आले, कड्यात कडं असलेले, टक लावून बघणाऱ्या डोळ्यांसारखे. तिने दुप्पट पुसायला घेतलं. ठिपके तिच्या मागोमाग आले, वाफ्यामागून वाफा, ती जायची त्याच क्रमाने. तिचा हात पोचत नसे त्या उंच शेंड्यांवर मात्र एकही डाग नव्हता. कुणीतरी आपल्या पावलावर पाऊल टाकतंय असं वाटून ती सारखी वळून बघायची. मागे कुणीच नसायचं.

बागेचा तपासनीस आला. त्याने शेंडे पाहिले, मग तिचं फडकं मागून घेतलं आणि भिंगाखाली धरलं.

"बाई, ही बुरशी ओल्या फडक्यातून फिरलीय. तुम्हीच घरोघर पोचवल्यासारखी पोचवलीत. उद्या सगळं उपटून जाळायचं. कुठे निरोगी रोप असेल तर बघा, त्याच्यावरच पुन्हा बाग उभी राहील."

पण रोप होतं! घरी खिडकीत, तिच्या आजारी ताईच्या कुंडीत. बागेतला सगळा अडुळसा त्याच्याच फांद्यांचा. घरात दव पडत नाही, म्हणून त्या पानांना तिने कधी हात लावला नव्हता. ती धावतपळत घरी आली.

आठ महिने अंथरुणाला खिळलेली ताई खिडकीशी उभी होती.

"बघ, उठले की नाही! भिंत धरून आले. म्हटलं, तू रोज एवढी राबतेस, एक झाड तरी आपण पुसावं. खुंटीवरचं तुझं कालचं फडकं भिजवलं नि एकूण एक पान पुसलं."

पानं लखलखत होती. पुसल्यावर डाग दिसायला पाच दिवस लागतात, हे तिला आता ठाऊक होतं.

"छान केलंस गं, ताई," ती कशीबशी म्हणाली.

"उद्यापण मीच पुसणार हं," ताई म्हणाली, आणि फडकं तिने छातीशी धरलं.